माग थांबवून बघा

मार्गशीर्ष लागला की माझ्या दाराच्या कडीला हुरड्याची पिशवी अडकवलेली सापडते. यंदाही सापडली. पद्माचा मुलगा कामावर जाता जाता अडकवून जातो. बेल वाजवत नाही, कारण वाजवली तर मी त्याला चहाला बसवीन आणि मग त्याला उशीर होईल, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. जुळे सोलापुरातल्या या तिसऱ्या मजल्यावर निखाऱ्यांची आगटी कुठून आणायची? मी कढईतच परतते, शेजारी शेंगाची चटणी घेते आणि खिडकीत बसून एकटीच खाते. हुरडा हा खरं तर एकट्यानं खायचा पदार्थच नाही. एकानं हातावर चोळून द्यायचा आणि दुसऱ्यानं तोंडात टाकायचा, ही त्याची रीत. पण रीत पाळायलाही दोन माणसं लागतात.

वरच्या मजल्यावरच्या सूनबाई सकाळी मिक्सर लावतात. त्याबरोबर माझ्या फळीवरच्या वाट्या किणकिण करायला लागतात. दुसऱ्या कुणाच्या कपाळाला आठी पडली असती. मला बरं वाटतं. मिक्सर थांबतो, वाट्या थांबतात, आणि मी मनाशी म्हणते, चला, मिक्सरच होता. मग चहाला आधण ठेवते. ही खोड मला सत्तरच्या दशकातल्या एका थंडीनं लावली. ती थंडी दरवर्षी हुरड्याबरोबर परत येते, आणि मी तिला आत घेते. दुसरं कोण येतंय?

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. शेतात पुन्हा ज्वारी उभी होती. शहराच्या पूर्वेकडच्या विणकरांच्या वस्तीतल्या एका हायस्कुलात मी भूगोल शिकवत होते. सोलापूरला नोकरीसाठी आले, असं मी सगळ्यांना सांगत असे. ते अर्धंच खरं होतं. माझं गाव पाटणकडचं, कोयनेच्या खोऱ्यातलं. मला डोंगर नको झाले होते. सोलापूरला स्टेशनाबाहेर आले तेव्हा जिकडे पाहावं तिकडे जमीन ताटासारखी सपाट. ऊन मी म्हणत होतं, धूळ डोळ्यांत जात होती, आणि मला मात्र वाटलं, ही जमीन बरी आहे, हिच्या पोटात काही नाही.

दोन वर्षं दुसरीकडे काढून त्या वर्षी दिवाळीनंतर नवी खोली पाहायला गेले, त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. कारखाना म्हणजे खाली पत्र्याची शेड, तिच्यात चादरींचे सहा यंत्रमाग, मागे मालकांचं घर, आणि शेडच्या एका टोकाला माडीवर ती एक खोली. घरमालकीण नरसम्मा उंबऱ्यात बसून विड्या वळत होत्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. बोटं चालूच ठेवून त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि लग्न का झालं नाही ते विचारलं. मी म्हटलं, जमलं नाही. त्यांनी मान हलवली, जणू हे उत्तर त्यांनी आधीही कुठे ऐकलं होतं. खोली स्वच्छ होती, भाडं बेताचं होतं आणि सगळीकडे इतकं शांत होतं की मी लगेच हो म्हटलं आणि संध्याकाळीच सामान आणलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे खाली माग सुरू झाले आणि माझी फरशी थरथरायला लागली. फळीवरचे डबे वाजले, भिंतीवरची दिनदर्शिका हलली, तांब्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठली. मी अंगावरच्या पातळानिशी जिना उतरून अंगणात येऊन उभी राहिले. पायांत चप्पल नाही, केस सुटलेले. नरसम्मा सडा घालत होत्या. त्यांनी विचारलं, काय झालं? काय सांगणार? भूकंपातून पळून आलेल्या बाईनं शोधून शोधून हलणारं घर घेतलं होतं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. मी म्हटलं, काही नाही, थंडी बघायला आले.

भूकंपातून पळून आले म्हणते, पण तेही नीट खरं नाही. गाव हललं तेव्हा मी गावात नव्हतेच. पुण्याला वसतिगृहात होते. परीक्षेचे दिवस होते. पहाटे माझी खाट हलली. मला वाटलं, शेजारची मैत्रीण अभ्यासाला उठवतेय. मी “उठते गं” म्हटलं आणि कूस बदलली. त्याच वेळी तिकडे आमच्या घराच्या दगडी भिंती आत बसल्या. वडील आधीच गेले होते. घरात आई एकटी होती. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. दगड होते, वासे होते, आणि परसातलं शेवग्याचं झाड धडधाकट उभं होतं. भूकंप मी पाहिला नाही, मी फक्त तो गेल्यावर आलेलं माणूस. त्यामुळे इतरांबरोबर रडायलाही मला संकोच वाटायचा. ते धक्क्याबद्दल बोलायचे, आवाजाबद्दल बोलायचे, आणि माझ्याकडे बोलायला काही नसायचं.

नववीच्या पुस्तकात भूकंपाचा धडा दिवाळीनंतरच्या सत्रात यायचा. म्हणजे नेमका आईच्या दिवसांत. धड्यात जपान होतं, आसाम होतं, भूकंपनाभी आणि अपिकेंद्र यांच्या व्याख्या होत्या आणि कोयनेला एक ओळ होती. माझी आई त्या एका ओळीत होती. आधीची दोन वर्षं मी तो धडा मुलांकडून मोठ्यानं वाचून घेतला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत उभी राहिले. मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. त्यांनाही धडा नको असायचाच. दोन मार्कांना येतो, व्याख्या घोकून घ्या आणि पुढे चला, असं ते म्हणायचे. मला ते सोयीचं होतं.

त्या वर्षी मात्र वाचता वाचता एक मुलगी थांबली. ‘भूकंपाच्या वेळी घरातील भांडी हलतात, भिंती थरथरतात’ अशा अर्थाचं वाक्य होतं. ती मुलगी म्हणजे नरसम्मांची धाकटी पद्मा. घरी ती मला पाणी आणून द्यायची आणि वर्गात ओळख दाखवायची नाही, असा तिचा शिष्टाचार होता. तिनं पुस्तकातून डोकं वर काढलं.

“बाई, मग आमच्या घरात रोजच भूकंप हाय की.”

सगळा वर्ग हसला. अर्ध्याहून जास्त मुलं मागांच्या घरांतली. आमचीबी भांडी हलतात, आमचा तर पाळणा आपोआप हलतो, असं सगळीकडून सुरू झालं. अक्कलकोट रस्त्यावरच्या खेड्यातून, मातीच्या सपाट छपराच्या घरातून एसटीनं येणारा एक मुलगा हिरमुसून म्हणाला, “आमच्यात माग न्हाय, नुसतं माळवद हाय.” त्यावर आणखी हशा. मीसुद्धा हसले. तास संपला, आणि धडाही संपला असं मी धरून चालले.

पण तो संपला नाही. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी वह्या तपासत बसले होते. खाली माग चालले होते, फळीवर डबे वाजत होते. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की डबे वाजताहेत आणि मी मान वर केलेली नाही. कितीतरी दिवसांत केलेली नाही. पहिल्या सकाळी अनवाणी पळालेली मी, मला आता फरशी हललेली कळतसुद्धा नव्हती. उलट सुट्टीच्या रात्री तिच्या थरथरीशिवाय झोप येत नव्हती. मग मी पेन खाली ठेवलं. मला कळत नाही, तर या मुलांना काय कळणार? ती जन्मल्यापासून हलत्या घरात झोपलेली. उद्या खरोखर जमीन हलली, तर ही सगळी मुलं, त्यांच्या आया, पाळण्यातली पोरं, सुखानं बसून राहतील. डोक्यावर भिंत येईपर्यंत त्यांना वाटेल, माग चालू आहे.

तोवर मी धडा चुकवत होते तो स्वतःसाठी. त्या संध्याकाळी प्रथमच मला तो शिकवावासा वाटला. आणि शिकवायचा म्हणजे आईबद्दल बोलावं लागणार, हेही तेव्हाच कळलं. सोलापुरात ही गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. मी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. लोक विचारतील, हळहळतील, मग विसरतील. त्यापेक्षा माझ्याजवळ आहे तशी असू दे, असा माझा हेका. एकटेपणाचाही माणसाला एक माज येतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी विचारलं की तुमचं घर हललं, तर ते मागानं की भूकंपानं, हे तुम्ही कसं ओळखाल?  कुणी म्हणालं, भूकंप मोठा असतो. मी म्हटलं, मोठा व्हायच्या आधी कसं ओळखाल?  मग पद्मा उठली आणि म्हणाली, माग थांबवून बघायचं. थांबवल्यावर घर थांबलं तर माग, नाही थांबलं तर भूकंप. इतकं सरळ होतं ते. पुस्तकात नव्हतं, माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. पण बाकीची मुलं लगेच कुजबुजली, आणि त्यांचंही खरं होतं. चालता माग कोण थांबवतंय? त्या वस्तीत पाहुणा आला तरी माग थांबत नसे, दारावरून वरात गेली तरी थांबत नसे. कापड चालू असताना मध्येच बटणाला हात लावणाऱ्या पोराला काय मिळतं, ते प्रत्येकाच्या गालाला माहीत होतं. म्हणजे उपाय होता, आणि तो करायची कुणाची छाती नव्हती.

मी नरसम्मांकडे गेले. मुलांना एकदा माग थांबवून दाखवायचा आहे, म्हटलं. त्यांचा थोरला मुलगा अंबादास माग बघायचा. तो ऐकूनच वैतागला. माग मध्येच थांबवून परत सुरू केला की त्या जागी कापडावर एक पुसट पट्टी उठते, आणि व्यापारी ती चादर बाजूला काढतो. सहा माग, सहा चादरी, आणि ते कशासाठी, तर शाळेच्या खेळासाठी. आईशी तो तेलुगूत बरंच बोलला. नरसम्मांनी सगळं ऐकून घेतलं, पान कापायची कातरी खाली ठेवली आणि मला कळावं म्हणून मराठीत म्हणाल्या, “पोरं शिकतील. पट्टीवाली चादर मी पांघरते.” अंबादास पाय आपटत गेला, पण शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर या, असं सांगून गेला.

शनिवारी सगळा वर्ग शेडमध्ये भिंतीला चिकटून उभा राहिला. आत शिरलं की तिथे बोलणं संपायचं. खडखडाट इतका की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ओठच दिसत. हवेत सुताचा बारीक कापूस तरंगत होता, कुणाच्या भुवयांवर बसत होता. मध्ये जमिनीवर मी पितळी वाटी ठेवली, पाण्यानं काठोकाठ भरलेली. पाणी थरथरत होतं. मी अंबादासला खूण केली. त्यानं पहिला माग थांबवला, मग दुसरा. प्रत्येक मागाबरोबर आवाज एकेक थर उतरत गेला. शेवटचा थांबला तेव्हा कानांत दडे बसल्यासारखं झालं. बाहेर कुठेतरी कोंबडा ओरडला तोही ऐकू आला. मुलं वाकून पाहत होती. वाटीतलं पाणी हळूहळू स्थिरावलं आणि त्यात छपराचं भोक दिसायला लागलं.

मी ठरवून गेले होते ते बोलले. पाणी आता हलत नाही, म्हणजे माग होता. हलत राहिलं असतं, तर तुम्ही कुठे असायला हवं होतं? बाहेर, मुलं म्हणाली. दप्तर? राहू द्यायचं. दागिने, भांडी? राहू द्यायची. माळवदाच्या मुलालाही सांगितलं, तुमच्याकडे तर थांबवायला काहीच नाही, मडकं हललं की थेट अंगणात. आणि घरात कुणी झोपलेलं असेल तर?  माझ्या पाठीमागे सहा माग गप्प उभे होते. इतकी शांतता त्या वस्तीत मी पूर्वी ऐकली नव्हती, आणि ती माझ्याचसाठी थांबलीय असं मला वाटलं.

“त्याला हाक मारायची,” मी म्हटलं. “माझी आई झोपलेली होती. घरात एकटी होती. तिला हाक मारायला कुणी नव्हतं.”

एवढंच बोलले. कोयनेचं नाव घेतलं नाही, पण नववीतली मुलं काही दुधखुळी नसतात. नरसम्मा दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. उलट खूप दिवस डोक्यावर धरलेली पाटी खाली ठेवल्यावर मान जशी दुखते, तसं काहीतरी झालं.

पद्मा वाटीजवळ बसलेली होती. तिनं वर पाहिलं.

“बाई, मग आता तुमाला कोण हाक मारणार?”

तिच्या विचारण्यात दया नव्हती. गणितात उरलेली बाकी विचारावी, तसं तिनं विचारलं. अंबादासला तेवढाही उशीर सोसत नव्हता. त्यानं पहिला माग सुरू केला, मग दुसरा, आणि सगळं पुन्हा खडखडाटात बुडालं. मला उत्तर द्यावं लागलं नाही. वाटीतलं पाणी परत थरथरायला लागलं, मी ते बाहेर अंगणातल्या तुळशीला ओतलं.

त्यानंतर वस्तीत काही दिवस मोठीच गंमत झाली. दुपारच्या वेळी एखाद्या कारखान्यातले माग अचानक थांबायचे आणि पाठोपाठ एखाद्या बापाचा आवाज चढायचा. बाईंनी सांगितलंय, असं पोरगं ओरडून सांगायचं. दोन बाप शाळेत तक्रार घेऊन आले. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं आणि, बाई, व्याख्या घोकून घेतल्या असत्या तर हे झालं नसतं, असं हसत म्हणाले. नरसम्मा आता जिन्याखालून रोज विचारायच्या, “तिन्नावा, अम्मा?” म्हणजे जेवलीस का. मी वरून हो म्हणायची. कधी जेवलेली नसले तरी हो म्हणायची, कारण नाही म्हटलं तर ताट वर यायचं. आज वाटतं, एखाद्या वेळी नाही म्हणायला हवं होतं.

मग जानेवारीत शहराची मोठी, गड्ड्याची जत्रा आली. माग बंद झाले. पोरंबाळं नटून पाळण्यात बसायला गेली, नरसम्माही गेल्या, मला चल म्हणाल्या. मी वह्यांचं निमित्त सांगितलं. त्या सुट्टीत माझी फरशी पहिल्यांदाच सलग काही दिवस स्थिर राहिली, अगदी दगडासारखी. आणि मला झोप लागेना. ज्या शांततेसाठी मी ती खोली घेतली होती, ती मिळाली तेव्हा मला सोसवली नाही. मी तांब्या उशाशी घेऊन पाण्याकडे बघत पडून राहायची. पाणी हलत नव्हतं. म्हणजे सगळं ठीक होतं. जत्रेचे भोंगे दुरून ऐकू यायचे, आणि मला त्या वेळी आईची नाही, खालच्या मागांची आठवण यायची. इतकं एकटं मला गावच्या पडक्या घरातही वाटलं नव्हतं.

पुढे मी ती खोली सोडली, शाळा बदलली, पगार वाढला, हा फ्लॅट झाला. निघताना नरसम्मांनी मला पट्टीवाली एक चादर दिली. अजून पांघरते. नक्षी विटली, पण आडवी पुसट पट्टी बोटाला अजून लागते. त्या जागी माग थांबला होता आणि मी बोलले होते.

पुष्कळ वर्षांनी, लातूर-उस्मानाबादकडची गावं एका पहाटे खाली बसली, तेव्हा सोलापूरही गदगदून हललं. मी जागी झाले आणि शिकवल्याप्रमाणे चादर पांघरून जिना उतरले. खाली अख्खी सोसायटी जमली होती. प्रत्येक घराचा एकेक घोळका. बाप मुलं मोजत होते, सुना सासूला धरून होत्या. मी एका स्कूटरशेजारी उभी राहिले. मला मोजणारं कुणी नव्हतं आणि मी मोजावं असंही कुणी नव्हतं. पुढे दिवसभर रेडिओ जी गावांची नावं सांगणार होता, ती अजून कुणाला ठाऊक नव्हती. मातीच्या जड माळवदांखाली किती माणसं झोपेतच गेली, हेही नंतर कळायचं होतं. मी नुसती उभी होते आणि वर माझ्या अंधाऱ्या खिडकीकडे बघत होते.

उजाडता उजाडता एक लुना फाटकातून आत आली. मागच्या सीटवरून एक बाई ती थांबायच्या आत उतरली आणि मान वर करून थेट तिसऱ्या मजल्याकडे बघत जिवाच्या आकांतानं हाक मारायला लागली. बाई, ओ बाई. पद्मा होती. लग्न होऊन तिला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. माहेरापासून चार घरांवर तिचं सासर, तिथेही मागच. साडी कशीबशी गुंडाळलेली, पायांत दोन वेगळ्या चपला. मी स्कूटरजवळून ओ दिली. तिनं वळून पाहिलं, माझ्याकडे आली आणि माझे दोन्ही दंड घट्ट धरून उभी राहिली.

“माग बंद होते, बाई,” ती म्हणाली. “गणपती बुडवायची सुट्टी होती. घर हलतंय आणि मागाचा आवाज न्हाय. लगेच कळलं.”

मुलांना काढलं, सासूला काढलं, पळत जाऊन आईला उचलून अंगणात आणलं, सगळे बरे आहेत, असं तिनं एका दमात सांगितलं. मग नवऱ्याला लुना काढायला लावली. तो म्हणत होता, उजाडू दे नीट. ही म्हणाली, तिथं त्यांना हाक मारायला कुणी न्हाय.

आम्ही दोघी कंपाउंडच्या कट्ट्यावर टेकलो. मी पट्टीवाली चादर तिच्याही खांद्यावर ओढली. समोर ऊन आलं. माणसं एकेक करून आपापल्या घरी परतू लागली, कुठेतरी स्टोव्हचा आवाज सुरू झाला, दुधवाला आला. तिचा नवरा लांब उभा राहून घड्याळ बघत होता. जमीन केव्हाच शांत झाली होती. मला ते कळत होतं, भूगोलाची बाई होते मी.

“आता वर जायचं का, बाई?” पद्मानं विचारलं.

“इतक्यात नको,” मी म्हटलं. “मोठ्या धक्क्यानंतर लहान धक्के येत राहतात. शिकवलं नव्हतं का? बस अजून जरा.”